ऑनलाइन खातं: ओटीपी, व्हिडिओ की शाखेतला अंगठा?

सोलापुरात अशोक चौकात आमच्या शेजारच्या अक्का आणि त्यांचा मुलगा, दोघांनाही एकाच आठवड्यात बँक खातं हवं होतं. मुलाला पुण्यात नोकरी लागलेली, तर अक्कांना विडीची मजुरी स्वतःच्या वेगळ्या खात्यात हवी होती. मोबाइलवर दोघांचंही उरकू, असं मुलाचं म्हणणं. पण दोघांना एकच पद्धत सोयीची नव्हती.

सगळ्यात झटपट पद्धत आधार ओटीपीची. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की नाव, पत्ता, फोटो बँकेकडे जातो आणि खातं सुरू होतं. पण बँकेने तुम्हाला समोर पाहिलेलं नसतं, म्हणून रिझर्व्ह बँकेने अशा खात्याला मर्यादा घातल्या आहेत. शिल्लक १ लाखापर्यंतच, आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांपर्यंतच आणि वर्षभरात पूर्ण केवायसी, म्हणजे बँकेकडून ओळख आणि पत्त्याची पूर्ण पडताळणी, झाली नाही तर खातं बंद. महिना १७ हजार पगार धरला तरी वर्षाचे २ लाख ४ हजार होतात. म्हणजे साध्या पगारालाही हे खातं पुरत नाही. खातं उघडताना ही गोष्ट ठळकपणे सांगितली जात नाही, याचा मला खरंच राग येतो.

व्हिडिओ केवायसीला २०२० पासून परवानगी आहे. यात बँकेचा स्वतःचा प्रशिक्षित कर्मचारी थेट व्हिडिओवर येतो, उलटसुलट प्रश्न विचारतो, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो आणि तुम्ही भारतातच आहात ना, हे लोकेशनवरून तपासतो. त्यानंतर आतल्या तपासणीतून प्रकरण पास झालं की खातं चालू होतं. ही ओळख समोरासमोर पटवल्यासारखीच धरतात, त्यामुळे वरच्या मर्यादा लागत नाहीत. पगार येणार असेल तर माझ्या मते हीच पद्धत घ्यावी. राहायला पुण्यात आणि आधारवर पत्ता सोलापूरचा, अशी स्थिती असेल तर सध्याचा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो. मूळ पॅन कार्ड हाताशी ठेवा, ई-पॅनची छापील प्रत चालत नाही. आणि हा कॉल बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरूनच सुरू होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी व्हिडिओ केवायसी करू म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

आपल्याकडे अडतं ते नावात. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, असं सर्रास दिसतं. पॅन आणि आधार जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

अक्कांकडे पॅन नाही आणि त्यांचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. म्हणजे ओटीपीही नाही आणि व्हिडिओही नाही. राहिली शाखा. तिथे पॅनऐवजी एक फॉर्म भरून देता येतो. अंगठ्याचं मात्र मला आधीपासूनच भय होतं, कारण वर्षानुवर्षं विड्या वळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्राने तीनदा नाकारलं आणि काउंटरवरून 'आधार केंद्रात जाऊन या' असं उत्तर मिळालं. अक्का उठायलाच लागल्या होत्या. पण अंगठा हा ओळख पटवण्याचा एकमेव मार्ग नाही. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रोजगार हमीचं जॉब कार्ड, यांपैकी काहीही मूळ प्रत दाखवून चालतं. हे मी शांतपणे सांगितल्यावर आतल्या अधिकाऱ्यांनी अक्कांचं मतदार ओळखपत्र घेतलं.

व्हिडिओतही असाच एक अडथळा होता. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणतात, ते न जमणाऱ्यांची अडवणूक होई. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने याबाबत निर्देश दिले आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नियमात बदल केला. घरात कुणाची दृष्टी गेलेली असेल तर हे बँकेला जरूर सांगा.

मुलाचं खातं व्हिडिओवर उघडलं. अक्कांना शाखेत दोन फेऱ्या पडल्या, पण पासबुक त्यांच्या हातात आहे.