बातमीतले इंग्रजी, बोलण्यातले इंग्रजी : शब्दसरावाच्या काही साधनांविषयी

इंग्रजी शब्दांची वही माझ्याकडे अनेक वर्षे होती आणि त्या वहीने मला फारसे काही दिले नाही, ही कबुली सुरुवातीलाच दिलेली बरी. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ अशी पानांमागून पाने भरत गेली. पण चार वाक्ये सलग बोलायची वेळ आली की त्यातला नेमका एकही शब्द जिभेवर येत नसे. वही बंद करून गेले दहा महिने मी बातम्या आणि रोजच्या जगण्यातले विषय यांच्या आधाराने शब्दसराव करतो आहे. त्यासाठी मुख्यतः बीबीसी लर्निंग इंग्लिशचे विनामूल्य कार्यक्रम आणि न्यूज इन लेव्हल्स हे संकेतस्थळ वापरले. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

सुटा शब्द पाठ करण्यात चूक काय आहे, हे मला ‘टोल’ या शब्दाने शिकवले. रस्त्यावर भरायचा टोल आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे हा शब्द येतो असे मी गृहीत धरले होते. दुर्घटनेच्या बातमीत ‘डेथ टोल’ दिसला, तेव्हा मृतांचा आकडा असा त्याचा दुसरा अर्थ वहीत टिपून मी पुढे गेलो. नंतर अपुऱ्या झोपेवरच्या एका चर्चेत ‘टेक्स अ टोल ऑन युअर हेल्थ’ हे शब्द ऐकले आणि तिन्ही ठिकाणी एकच कल्पना असल्याचे लक्षात आले. टोल म्हणजे मोजावी लागलेली किंमत, मग ती पैशात असो, जिवांत असो वा प्रकृतीत. मराठीत आपणही ‘जागरणाची किंमत शरीराला मोजावी लागते’ असे म्हणतोच. बातमीने हा शब्द दाखवला, पण तो आपल्या तोंडी बसला रोजच्या विषयामुळे. तेव्हापासून कोणतेही साधन तपासताना मी एकच गोष्ट पाहतो : त्यात शब्द त्याच्या सोबत्यांसह भेटतो का, आणि दुसऱ्या प्रसंगात पुन्हा भेटतो का?

बीबीसीचा हा विभाग १९४३ पासून इंग्रजी शिकवतो आहे. त्याचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा साप्ताहिक कार्यक्रम मला सर्वांत उपयोगी वाटला. त्याची बांधणी ठरलेली आहे. दोन निवेदक एखाद्या विषयावर गप्पा मारतात, आरंभीच तीन पर्याय असलेला एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर शेवटापर्यंत राखून ठेवतात, मध्ये सहा शब्द किंवा शब्दसमूह उलगडून सांगतात आणि अखेरीस तेच सहा शब्द वेगळ्या वाक्यांत पुन्हा घोळवतात. हे पुन्हा घोळवणेच खरे मोलाचे आहे, कारण अवघ्या सहा मिनिटांत एक शब्द दोन-तीनदा कानावर पडतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या अवतीभवतीची वाक्यरचना वेगळी असते. बीबीसीच्या इतर कार्यक्रमांतल्या मुलाखतींचे तुकडेही यात मधूनमधून येतात. निवेदक सावकाश आणि स्वच्छ बोलतात. मुलाखत देणारी माणसे मात्र आपल्या नेहमीच्या वेगात, आपापल्या हेलात बोलतात. पहिले काही आठवडे हे तुकडे मला अडथळ्यासारखे वाटत होते. आता मी आधी तेच ऐकतो.

प्रत्येक भागाचा लिखित उतारा मिळतो आणि तो शब्दशः नसल्याची सूचना त्यावर असते. एरवी दुर्लक्ष करावे अशी ही सूचना सरावाचे साधन होऊ शकते. उतारा समोर ठेवून ऐकायचे आणि बोललेले लिहिलेल्यापासून कुठे वेगळे आहे तिथे खूण करायची. एखादा ‘वेल’, एखादा गाळलेला शब्द, दोन शब्दांचा झालेला एक आवाज असे बारकावे हाती लागतात, आणि नुसते वाचून ते कधीच लागले नसते.

बातम्यांवर बेतलेला त्यांचा कार्यक्रम आधी ‘न्यूज रिव्ह्यू’ या नावाने येत असे. एक मोठी बातमी घ्यायची, तिच्याविषयीचे निरनिराळ्या वृत्तसंस्थांचे मथळे समोर ठेवायचे आणि त्यांतले मोजके शब्द इतर उदाहरणांनी समजावून द्यायचे, असे त्याचे स्वरूप. कल्पना उत्तम आहे, मात्र इथे विद्यार्थ्याने थोडे सावध राहायला हवे. मथळ्यांची इंग्रजी ही स्वतंत्र बोली आहे. जागा वाचवण्यासाठी तिथे चौकशीला ‘प्रोब’, कपातीला ‘कट’ किंवा ‘ॲक्स’, प्रयत्नाला ‘बिड’ आणि टीका करण्याला ‘स्लॅम’ म्हणतात. घडून गेलेली घटना साध्या वर्तमानकाळात लिहितात, होणारी घटना नुसत्या ‘टु’ने सांगतात, आणि ‘थ्री हेल्ड’ या दोन शब्दांचा अर्थ तिघांना अटक झाली असा असतो, तिघांनी काहीतरी धरले असा नव्हे. घरच्या मंडळींशी झालेल्या वादाचे वर्णन करताना कुणी ‘माझ्या बहिणीने मला स्लॅम केले’ असे इंग्रजीत म्हटले, तर ऐकणारा हसेल. मथळ्यातला शब्द ओळखता यायलाच हवा. तो आपण वापरायचा की नाही, हा वेगळा निर्णय असतो. कार्यक्रमात दिलेली इतर उदाहरणे हा निर्णय घ्यायला मदत करतात, म्हणून ती वगळून नुसती शब्दयादी उतरवून घेणे व्यर्थ आहे.

या मथळ्यांतला माझा आवडता शब्द भांडण किंवा वाद या अर्थाचा आहे. त्याचे स्पेलिंग ‘रांग’ या अर्थाच्या ‘रो’सारखेच, पण उच्चार ‘राउ’. देवनागरीत हे दोन शब्द सरळ वेगळे लिहून मोकळे होता येते. रोमन लिपीत मात्र बातमीचा विषय कळल्याशिवाय तो कसा वाचायचा हे ठरत नाही. इतका छोटा शब्द मी कित्येक वर्षे मनातल्या मनात चुकीचा वाचत होतो. डोळ्यांनी वाचण्याबरोबर कानांनी ऐकणे का हवे, याचे यापेक्षा सोपे उदाहरण माझ्यापाशी नाही.

न्यूज इन लेव्हल्सची पद्धत वेगळी आहे. तिथे एकच बातमी तीन पातळ्यांवर दिलेली असते. पहिल्या पातळीसाठी सर्वाधिक वापरातले १००० शब्द, दुसरीसाठी २००० आणि तिसरीसाठी ३००० शब्द आधारभूत धरलेले आहेत. नवशिक्याने पहिली पातळी वाचून थांबावे असा तिचा सरळ उपयोग आहेच. पण दोन पातळ्या शेजारी ठेवून वाचल्या तर त्यातून बरेच अधिक मिळते. समजा, खालच्या पातळीवर ‘नदीचे पाणी वाढले आणि लोकांनी घरे सोडली’ एवढेच असेल, तर वरच्या पातळीवर तीच नदी ‘बर्स्ट्स इट्स बँक्स’ आणि तेच लोक ‘इव्हॅक्युएटेड’ होतात. आपल्याकडे नदी पात्र सोडते, इंग्रजीत ती काठ फोडते. असे जोडीने आलेले शब्द जोडीनेच लक्षात ठेवावे लागतात, जसे ऊन कडक असते आणि पाऊस मुसळधार. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो, आणि याला कारण विचारण्यात अर्थ नाही. या संकेतस्थळाची मर्यादाही याच गुणातून येते. मजकूर मुद्दाम सोपा केलेला असल्यामुळे खऱ्या वृत्तपत्रातला वळणावळणाचा परिच्छेद वाचण्याची सवय त्यातून लागत नाही, आणि बातमी इतकी आटोपशीर असते की ती बातमी म्हणून फारशी गुंतवून ठेवत नाही.

सोप्या इंग्रजीतल्या बातम्यांची ही परंपरा जुनी आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले, तेव्हा सुमारे १५०० शब्दांचा मूळ संग्रह, छोटी वाक्ये आणि नेहमीपेक्षा संथ वाचन अशी पथ्ये पाळली होती. पुढे त्याचेच नाव ‘लर्निंग इंग्लिश’ झाले. मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जवळपास सर्व कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवले गेले, तेव्हा या विभागात नव्या बातम्या येणेही थांबले. त्या संथ वाचनाची सवय झालेल्या ऐकणाऱ्याला त्याची उणीव नक्कीच भासते.

अर्थात १५०० किंवा ३००० शब्दांवर कायमचे भागत नाही. भाषाअभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, लेखी मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत अशी अपेक्षा असेल, तर ८००० ते ९००० शब्दकुले (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कुल) माहीत असावी लागतात. बोललेल्या भाषेसाठी हा आकडा ६००० ते ७००० असा आहे. आठवड्याला सहा शब्दांच्या वेगाने तिथवर पोचायला किती वर्षे लागतील, याचे गणित मी एकदा केले आणि पुन्हा केले नाही. या कार्यक्रमांकडे शब्दांचे कोठार म्हणून पाहू नये, शब्द कसा टिपावा याची तालीम म्हणून पाहावे, असे माझे मत त्यातून बनले.

उजळणीची बाजू मात्र या दोन्ही साधनांत लंगडी आहे. एका भागात शिकलेले सहा शब्द पुढच्या महिन्यात पुन्हा समोर येतीलच असे नाही, आणि न आलेला शब्द विसरला जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी मी एक शब्दसरावाचे ॲप घेतले होते. त्याचे नाव इथे देत नाही. दिवसातून चार वेळा आठवण करून देण्यात ते तत्पर होते. पण बातमीतल्या वाक्याचा त्याने केलेला मराठी अनुवाद पाहून मी ते काढून टाकले, कारण आरोप ठेवण्यात आलेले, म्हणजे इंग्रजीत ‘चार्ज्ड’, तिघे जण त्यात ‘विद्युतभारित’ झाले होते. आता मी कार्डे स्वतःच लिहितो. कार्डावर सुटा शब्द नसतो, ऐकलेले पूर्ण वाक्य असते आणि त्यातला नवा शब्द गाळलेला असतो. मागच्या बाजूला तोच शब्द घालून माझ्या स्वतःच्या दिवसाविषयी लिहिलेले एक वाक्य असते. हे दुसरे वाक्य लिहिणेच सर्वांत अवघड जाते, आणि कंटाळा करून ते गाळले तर तो शब्द हमखास निसटतो.

बीबीसीचाच ‘द इंग्लिश वी स्पीक’ हा जेमतेम तीन मिनिटांचा कार्यक्रम बोलण्यातल्या एकेका शब्दप्रयोगाला वाहिलेला आहे. त्यातले विनोद कधी कधी ओढूनताणून आणलेले वाटतात, तरी क्रियापदामागे चिकटणाऱ्या चिमुकल्या शब्दांची भीती घालवायला तो चांगला आहे. ‘टर्न अप’ म्हणजे उगवणे आणि ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणे हे पाहून वैतागणाऱ्या मराठी माणसाने ‘खाल्ले’, ‘खाऊन टाकले’ आणि ‘खाऊन बसला’ यांतला फरक कुणा परक्याला समजावून पाहावा. मग इंग्रजीवरचा राग बराच निवळतो. आपण बोलताना जे इंग्रजी शब्द वापरतो तेही इथे तपासून घेता येतात. आपले ‘टेन्शन’ इंग्रजीत बहुधा ‘स्ट्रेस’ किंवा ‘वरी’ असते, आणि बातम्यांतले ‘टेन्शन्स’ प्रामुख्याने दोन देशांमध्ये वाढत असतात.

ज्याला साधी वाक्ये वाचता येतात पण ऐकताना धागा सुटतो, त्याने ‘सिक्स मिनिट इंग्लिश’पासून सुरुवात करावी. अगदी नवशिक्याला तो जड जाईल. त्याने आधी न्यूज इन लेव्हल्सची पहिली पातळी काही आठवडे वाचावी. विषय निवडताना मात्र जो आपण मराठीतही आवडीने वाचला असता तोच निवडावा. कर्तव्य म्हणून ऐकलेल्या अर्थकारणावरच्या भागातला एकही शब्द मला आज आठवत नाही; झोपेवरचे मात्र सगळे आठवतात, कारण ते मी ऐन मध्यरात्री जागत ऐकले होते.