मोंढ्यातलं जुनं हार्डवेअर की बायपासचं शोरूम: कुठून काय घ्यावं

घराचं किंवा आखाड्यावरचं (शेतातल्या वस्तीवरचं) काम काढलं की पहिला प्रश्न सामानाचा. सेलू असो, उदगीर असो की अंबाजोगाई, आता तीन वाटा आहेत: जुन्या मोंढ्यातलं (बाजारपेठेतलं) खणाखणांचं दुकान, बायपासवरचं काचेचं शोरूम आणि मोबाइलवरची खरेदी. सगळं एकाच ठिकाणाहून उचला, स्वस्त पडेल, असं गुत्तेदार (बांधकामाचा ठेकेदार) सांगतो. त्यात सोय त्याची असते. जुन्या वस्तूला जोडायचं सामान जुन्या दुकानातून घ्यावं. नव्यानं बसवायचं, वॉरंटीचं सामान पक्क्या बिलाच्या दुकानातून. एवढं धरून चाललं तरी निम्मी फसगत टळते.

जुन्या दुकानाची मांडणी फार विचारानं केलेली असे. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना तारेनं बांधलेला: दीड इंची स्क्रू, पितळी कडी, चार इंची बिजागरी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बोट दाखवून हवं ते मागता येई. चुका-खिळे वजनावर, पाव किलोसुद्धा. काथ्या, सुतळी, कासऱ्याचा दोर, घमेली, टिकाव, कुळवाची पास, विहिरीची कप्पी, आणि खाली चुना, गेरू, डांबर. अनेक गावांत ही दुकानं बोहरी कुटुंबांची, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातातला तुटका तुकडा बघूनच कोणता खण उघडायचा ते ओळखे. उधारी खतावणीत चढे आणि सुगीवर फिटे. आता ती सोयाबीन विकल्यावर फिटते.

मालात मोठा बदल 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा (मातीच्या सपाट छतावरचा) विश्वास उडाला, कॉलम-बीमची घरं वाढली. खिळे आणि लाकडी दाराचं सामान मागे गेलं; सळई, बांधणीची तार आणि कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या तयार रिंगा पुढे आल्या. तयार रिंगा घेताना एक गोष्ट बघाच. रिंगेची दोन्ही टोकं 135 अंशांत आत वळलेली आणि किमान 75 मिमी आत शिरलेली हवीत. नुसत्या काटकोनात वळवलेली रिंग झटपट तयार होते म्हणून सर्रास विकली जाते. भूकंपाच्या हादऱ्यात कॉलमवरचं काँक्रीट सुटलं की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. अशा रिंगा दुकान कितीही जुन्या ओळखीचं असलं तरी परत करा.

सळईच्या बाबतीत वजनकाट्याचं दुकान जिंकतं. हिशेब सोपा आहे: मिलिमीटरमधली जाडी गुणिले जाडी, भागिले 162, म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. बारा मीटरची 8 मिमी सळई 4.74 किलो, 10 मिमी 7.4, 12 मिमी 10.66, 16 मिमी 18.96 किलो भरते. मानकात 8 आणि 10 मिमीला 7 टक्के, 12 आणि 16 मिमीला 5 टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे 12 मिमीची सळई 10.1 किलोच्या खाली भरली तर ती घेऊ नये. नगावर घेतली तर हलकी सळई तुमच्या गळ्यात पडते, नुसती किलोवर घेतली तर जड सळईत नग कमी येतात. म्हणून काट्यावर वजन करा आणि नगही मोजा. जालन्याच्या रोलिंग मिल जवळ असल्यानं मराठवाड्यात सळईला तोटा नाही, पण सळईवर दर थोड्या अंतरानं कंपनीचं नाव, ग्रेड आणि आयएसआयची खूण उमटलेली दिसली पाहिजे.

आता जुन्या दुकानाचं खरं बळ: सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. जुनी तिफण, बैलगाडी, ट्रॉलीचे कितीतरी बोल्ट, वाड्याच्या दाराच्या पट्ट्या, सगळं सुतात बनलेलं. शोरूममध्ये सगळं मिमीत. गोंधळ इथेच होतो. चार सुती बोल्ट म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिमी, इंचाला 12 आटे. एम-12 बोल्ट 12 मिमीचा आणि त्याच्या दोन आट्यांत अंतर 1.75 मिमी. चार सुती नटात एम-12 बोल्ट सुरुवातीला हातानं जातो, म्हणून बरोबर वाटतो, पुढे अडकतो. पान्यानं रेटला की आटे कापले जातात, आणि पेरणीच्या ऐन दिवशी पास निसटून पडते. तीन सुती नटात तर एम-10 शिरतच नाही. म्हणून जुना नट-बोल्ट कधी भंगारात टाकू नका, दुकानात सोबत न्या. मोंढ्यातला दुकानदार नवा नट तुमच्या बोल्टावर शेवटपर्यंत फिरवून देतो, तोही एकच नग. शोरूममध्ये पन्नासचं पाकीट असतं आणि ते फोडत नाहीत.

नळाचंही तसंच. जुन्या पितळी नळाला आत रबरी वायसर (वॉशर). वरची टाकी बंद करा, नळाचं डोकं पान्यानं उघडा, आतली खुंटी काढून वायसर बदला, डोक्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून परत आवळा. खर्च अगदी किरकोळ. वायसर काढताना नळाच्या आतली बैठक बोटानं चाचपा. तिला खाचा पडल्या असतील तर नवं वायसरही आठवड्यात गळेल. नव्या पाव फेरीच्या नळात सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं. आपल्याकडच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यात आणि बारीक वाळूत ते घट्ट होतं, मग कुणी जोर लावतं आणि चकती तडकते. दिसायला एकसारख्या दोन कार्ट्रिजच्या खुंटीवरचे दाते वेगळे, लांबी वेगळी. मूठ बसत नाही. ते शोरूममध्येच आणि त्याच कंपनीचं मिळेल, तेही मॉडेल चालू असेल तर. अंगणातल्या, गोठ्याच्या नळाला साधा पितळी नळच लावा. न्हाणीघरात चकचकीत हवा असेल तर नळ घेतानाच एक जादा कार्ट्रिज घेऊन ठेवा आणि टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर बसवा.

पीव्हीसी पाइपला दोन्ही दुकानं चालतात, भाषा मात्र समजून घ्या. शेतीच्या पाइपला आपण दोन इंची, तीन इंची म्हणतो. पाइपावर 63 मिमी, 90 मिमी छापलेलं असतं आणि तो बाहेरचा व्यास असतो. 'सहा किलोचा पाइप' म्हणजे सहा किलो वजनाचा नव्हे. दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब सोसणारा, म्हणजे साधारण साठ मीटर पाण्याच्या उंचीइतका. हा आकडा 27 अंश तापमानाचा आहे. मे महिन्यात बांधावर उघडा पडलेला चार किलोचा पाइप तेवढा दाब सोसत नाही. त्यात लाइट अचानक गेली की चढलेलं पाणी उलटं येऊन आपटतं, आणि फुटतो तो बहुधा जोडाशी. पाइप दोन फूट तरी गाडा, पंपाजवळ पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. जोडताना दोन्ही तोंडं पुसा, पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन दोन्हीकडे लावा, पाव फेरी फिरवून आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. ओल्या किंवा मातीच्या तोंडावर लावलेला जोड त्या दिवशी टिकतो, पहिल्या दाबाला सुटतो. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचं सोल्युशन वेगळं असतं. पीव्हीसीचा उरलेला डबा तिथे वापरू नका.

वायरीचे जुने आकडे अजून दुकानात ऐकू येतात. 7/20 म्हणजे 20 गेजच्या सात तारा, हिशेबानं साडेचार चौरस मिमीच्या थोड्या वर. पंपाच्या स्टार्टरकडे जाणारी जुनी 7/20 काढून कुणी 2.5 चौरस मिमीची नवी टाकली तर वायर तापणारच. नवी वायर शोरूममधून, सीलबंद 90 मीटरच्या बंडलात आणि बिलावर. सुटी वायर घ्यायचीच तर टोक सोलून तारा मोजा.

रंग शोरूममध्येच. पूर्वी स्टेनर (छटा देणारा रंग) हातानं कालवत आणि दुसऱ्या डब्याला तीच छटा येत नसे. आता मशीन कोडवर छटा देतं. झाकणावरचं कोडाचं स्टिकर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. सिमेंट कुठूनही घ्या, पण पोत्यावरचा, सिमेंट तयार झाल्याचा आठवडा आणि साल वाचल्याशिवाय नको. तीन महिने पडलेलं सिमेंट जोर गमावतं, आणि पावसाळ्यात छोट्या गोदामात ओल लागते. पत्र्याला पूर्वी जे-हूक, लोखंडी आणि डांबरी वायसर लागे. आता सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूला रबरी वायसर येतं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, आणि वायसर किंचित दबेपर्यंतच आवळा. जास्त आवळलेलं रबर उन्हाळ्यात चिरतं, गळती पहिल्या पावसात कळते.

उधारीचा विषय नाजूक आहे, पण बोललाच पाहिजे. सुगीपर्यंत थांबणारा दुकानदार अडल्या वेळी मोठा आधार असतो. भावात थोडं जास्त लावत असेल तर ते थांबण्याचं मोल समजा. पंप, स्टार्टर, गिझर मात्र उधारीच्या चिठ्ठीवर घेऊ नका. जीएसटीचं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड नसेल तर मोटार जळाल्यावर कंपनी दाद देत नाही.

ऑनलाइन काय घ्यावं? ड्रिल, ग्राइंडर, मापाची साधनं. तिथे निवड खरोखर मोठी आहे. पण मागवण्याआधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला आहे का ते बघा. ग्राइंडरचे कार्बन ब्रश झिजतातच आणि प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. त्याच ऑर्डरमध्ये ब्रशच्या दोन जोड्या मागवा; मोंढ्यात ते मिळतीलच असं नाही, आणि झिजलेले ब्रश तसेच चालवले तर ठिणग्यांनी आर्मेचर (मोटारीचा आतला फिरता भाग) जातं.