फ्लशची टाकी, रीफिलची नळी आणि वास ओढणारं किट : इंदुरात काय घ्यावं, काय नको

संडासातला वास घालवायला माणूस दुकानात जातो आणि सुगंधी वडी, फार तर एक्झॉस्ट पंखा घेऊन परततो. टाकीचं झाकण उघडून कोणी बघत नाही. त्या झाकणाखाली पेन्सिलीएवढी एक लवचीक नळी असते. ती जागेवर बसली आहे की नुसती पाण्यात लोंबते आहे, यावर वासाचा बराचसा निकाल आधीच लागलेला असतो.

हे परीक्षण त्या नळीचं, तिला पाणी देणाऱ्या व्हॉल्व्हचं, आणि टाकीच्या ओव्हरफ्लोतूनच, म्हणजे जादा पाणी पॅनमध्ये सोडणाऱ्या आतल्या उभ्या नळीतूनच, वास ओढून घेणाऱ्या किटचं. सियागंजात किंवा राजेंद्रनगर, सुदामानगरच्या सॅनिटरीवाल्याकडे जाण्याआधी नावं पक्की करून घ्यावीत. टाकी भरणाऱ्या भागाला काउंटरवर ‘इनलेट’ किंवा सरळ ‘बॉलकॉक’ म्हणतात. पाणी सोडणाऱ्या भागाला ‘सायफन’ म्हणतात, मग आत सायफन असो वा नसो. ‘रीफिलची नळी’ मागितली तर पुष्कळदा कनेक्शन पाइपच पुढे येतो, तेव्हा टाकीच्या आतली बारीक नळी असं सांगावं.

आधी पाण्याचं, कारण इथे सामान पाण्यामुळेच मरतं. इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून चढवून आणतात आणि नळ बहुतेक ठिकाणी एक दिवसाआड येतो. रिकाम्या लाइनीत पाणी सुटलं की आधी हवा फुसफुसते, मग गाळ येतो. ज्यांनी हौदाला बगल देऊन थेट लाइन फ्लशच्या टाकीला जोडली आहे, त्यांच्या इनलेटच्या बुडातली जाळी या गाळानं बुजते. बोअरच्या पाण्याची तऱ्हा वेगळी. माळव्याच्या काळ्या दगडातलं हे पाणी जड. ते जाळीपर्यंत गुमान येतं आणि आतल्या सुईएवढ्या भोकांत पांढरा क्षार धरतं. म्हणून ‘कोणता इनलेट चांगला’ या प्रश्नाला दोन घरांत दोन उत्तरं निघतात.

पहिला प्रकार जुना पितळी बॉलकॉक: आडवा दांडा, टोकाला चेंडू. बोअरच्या घरात हाच बरा. आत एक रबरी वॉशर आणि एक पिस्टन, एवढंच यंत्र. क्षार धरला तर खोलून घासता येतो, वॉशर कुठेही मिळतो. दोष दोन. चेंडू शेवटच्या इंचभर पाण्याला हळूहळू बंद होतो, त्यामुळे टाकी भरताना शेवटी बराच वेळ शिटी ऐकू येते. आणि अरुंद सिंगल पीस (टाकी आणि पॅन एकसंध असलेल्या) कमोडाच्या टाकीत दांडा भिंतीला अडतो. शिवाय या जुन्या बॉलकॉकला रीफिलच्या नळीचं तोंड बहुधा नसतंच. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचाच घोळ होतो.

दुसरा प्रकार उभा प्लॅस्टिकचा, पेल्यासारखा फ्लोट त्याच खांबावर वर-खाली होणारा. साधारण दीडशे ते चारशे रुपयांत मिळतो आणि नर्मदेच्या पाण्याला, हौदात गाळ बसू दिला असेल तर, उत्तम चालतो. आतला रबरी डायाफ्राम, म्हणजे पातळ पडदा, पाण्याच्या दाबानंच बंद होतो, म्हणून बंद होताना टक् आवाज होऊन काम खलास. पण दाबच नसेल तर? वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी संडासाच्या टाकीपेक्षा जेमतेम अडीच मीटर उंच असते. १० मीटर उंचीला साधारण १ किलोचा दाब, म्हणजे तिथे पाव किलो. एवढ्यात काही डायाफ्राम नीट बसत नाहीत आणि पाणी झिरपत राहतं. इनलेटच्या बुडात एक छोटी रंगीत प्लॅस्टिकची चकती असते, ती जास्त दाबासाठीचा अडथळा असते. वरच्या मजल्यावर ती काढून टाकली की ६ लिटरची टाकी भरायला लागणारा वेळ निम्म्यावर येऊ शकतो. दुकानदार हे सांगत नाही, आणि माणूस ‘स्लो आहे’ म्हणून चांगला व्हॉल्व्ह बदलून आणतो.

बाहेरून मागवलेला अमेरिकी पद्धतीचा इनलेट घेणार असाल तर एकच तपासणी, पण ती चुकवू नका. आपल्याकडच्या अर्धा इंची कनेक्शन पाइपच्या नटात बसणाऱ्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मि.मी. असतो, अमेरिकी खांबाचा २२ च्या थोडा वर. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. नट पहिला पाव फेरा धरतो, माणूस पान्यानं रेटतो, प्लॅस्टिकचे आटे तिरके कापले जातात, आणि गळती सुरू होते ती रात्री, दाब वाढल्यावर. मापपट्टी बरोबर न्या.

बसवण्यात चूक होते ती बहुधा वॉशरच्या जागेची. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीतला नळ, बंद करून टाकी रिकामी करावी, उरलेलं पाणी स्पंजनं टिपावं. जाड रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला, बाहेरून फक्त चेक नट. पुष्कळ जण वॉशर बाहेर घालतात आणि मग गळतं म्हणून नट आवळत सुटतात. सिरॅमिक तडकतं ते असं. हातानं घट्ट, वर पान्यानं पाव ते अर्धा फेरा, बस. इथे टेफलॉनची पट्टी लावायची नाही, कारण पाणी अडवतो तो वॉशर, आटे नाहीत. टेफलॉन भिंतीतल्या अँगल कॉकला, दहा-बारा वेढे. पाणी सोडण्याआधी इनलेटची टोपी काढून वर उलटा मग धरावा आणि दहा सेकंद कॉक उघडावा. पाइपातला कचरा मगात येतो, डायाफ्रामखाली जात नाही.

आता ती नळी. सायफनिक पॅनमध्ये, म्हणजे बहुतेक सिंगल पीस कमोडात, फ्लशचं पाणी पॅनमधलं सगळं खेचून नेतं. हवा शिरून खेच तुटते तेव्हा पॅनच्या बुडात थोडंसंच पाणी उरलेलं असतं. ड्रेनेजचा वास अडवायला किमान ५० मि.मी. खोलीचं पाणी लागतं. ते परत भरण्याचं काम या नळीचं. टाकी भरत असतानाच इनलेटमधून थोडं पाणी फुटून या नळीनं ओव्हरफ्लोच्या उभ्या नळीत पडतं आणि तिथून रिममार्गे, म्हणजे पॅनच्या वरच्या पोकळ काठातून, पॅनमध्ये येतं. नळी सुटून टाकीत पडली असेल तर टाकी भरते, फ्लश होतो, सगळं ठीक दिसतं. फक्त पॅनमधलं पाणी दोन बोटं खाली राहतं. ‘कंपनी उगाच देते ही नळी’ म्हणत ती काढून खिशात घालणारे प्लंबर आहेत. आणि जुना पितळी बॉलकॉक सिंगल पीसमध्ये बसवला की नळीला तोंडच उरत नाही.

तपासायला काही लागत नाही. फ्लश करा, टाकी पूर्ण भरू द्या. पॅनमधल्या पाण्याच्या काठावर पेन्सिलीनं खूण करा आणि मगभर पाणी अगदी हळू ओता. पातळी वर चढून तिथेच राहिली तर रीफिल कमी पडतंय. तसूभरही चढली नाही, ओतलेलं सगळं पलीकडे निघून गेलं, तर पॅन आधीच काठोकाठ होतं आणि वासाचं कारण दुसरीकडे शोधायचं. भिंतीवरच्या प्लॅस्टिक टाकीला आणि साध्या वॉशडाउन पॅनला, म्हणजे जिथे पाणी खेचून न नेता नुसतं ढकलून नेतं तिथे, ही वेगळी नळी लागत नाही. तिथे फ्लशच्या शेपटीचं पाणीच पॅन भरून जातं. त्यामुळे तसल्या टाकीसाठी कोणी रीफिलचा सेट गळ्यात मारत असेल तर नको म्हणावं.

नळी लावताना ओव्हरफ्लोच्या आत खोल खुपसायची नाही. टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं की तीच नळी टाकीतलं पाणी उलटं खेचून टाकी रिकामी करत बसते. दर काही मिनिटांनी इनलेट आपोआप सुरू होऊन बंद होतो, रात्री कुणी फ्लश केल्यासारखा आवाज येतो. नळीचं टोक ओव्हरफ्लोच्या काठाच्या इंचभर वर, तोंड आत वळवलेलं, क्लिपनं धरलेलं. ही प्लॅस्टिकची क्लिप या सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त हरवणारी वस्तू. नवा इनलेट घेताना पुडी फोडून ती आत आहे का बघावी. आमच्या मते क्लिप न देणारा इनलेट कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये. टाकीतल्या पाण्याची पातळीही ओव्हरफ्लोच्या काठाच्या साधारण इंचभर खाली राखावी.

सायफनचं थोडक्यात. टाकीत चिमूटभर नीळ टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. पॅनमध्ये निळसर झाक आली तर बुडाचं रबर गळतंय. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्या हे रबर फुगवून मऊ करतात. वास घालवायला वडी, वडीमुळे गळती, अशी ही देवाणघेवाण.

आता वास ओढणारं किट. कल्पना हुशार आहे. फ्लशचं पाणी ज्या भोकांतून रिमखाली उतरतं, त्याच भोकांतून उलटी हवा ओढायची. ओव्हरफ्लोच्या टोकावर एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसते. तिच्या एका तोंडात रीफिलची नळी, दुसऱ्याला पंख्याकडे जाणारा होस. बसल्या जागी वास खोलीत पसरायच्या आत ओढला जातो, म्हणून छतालगतच्या एक्झॉस्टपेक्षा हे जास्त नेमकं चालतं. खिडकी नसलेल्या, डक्टवर उघडणाऱ्या संडासात तर फरक लगेच कळतो.

पण टी बसवताना एक धोका आहे, त्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं. ओव्हरफ्लोची नळी हा टाकीचा शेवटचा बचाव. टीनं ती वरून पूर्ण झाकली आणि इनलेट अडकला, तर पाणी पॅनमध्ये जाण्याऐवजी टाकीच्या काठावरून फरशीवर येतं. चांगल्या टीच्या अंगाला खाचा असतात आणि त्यावर हलकी झडप. पंखा चालू असताना ती मिटते, पाणी चढलं की उघडते. विकत घेण्याआधी झडप बोटानं उघडून बघा. बसवल्यावर फ्लोट हातानं दाबून धरा आणि पाणी ओव्हरफ्लोपर्यंत चढू द्या. ते पॅनमध्ये उतरताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर टी काढून परत करा, उरलेल्या किटचे गुण मोजत बसू नका.

बटणवाल्या ड्युअल फ्लश टाकीत आणखी एक अडचण. त्यातल्या पुष्कळ सायफनमध्ये मधली ओव्हरफ्लो नळीच उचलली जाते, तीच हलणारा दांडा असते. तिच्यावर टी आणि होसचं ओझं टाकलं की ती पूर्ण खाली बसत नाही आणि टाकी गळत राहते. तेव्हा बटण दाबून बघावं: नळी हलत असेल तर हे किट तुमच्यासाठी नाही. भिंतीत दडवलेल्या टाक्यांसाठी गेबेरिटची ड्युओफ्रेश नावाची पद्धत वेगळ्या वाटेनं जाते. ती फ्लशच्या पाइपातून हवा ओढते, सिरॅमिकच्या जाळीदार फिल्टरमधून गाळते आणि खोलीतच परत सोडते. बाहेर पाइप काढायची गरज नाही, पण आधीच तशी टाकी भिंतीत हवी.

पंख्याच्या बाबतीत स्वस्त किट कॉम्प्युटरच्या खोक्यातला चपटा १२ व्होल्टचा पंखा देतात. तो मोकळ्यावर वारा देतो, बारीक भोकांतून हवा खेचायला त्याच्यात जोर नसतो. गोगलगायीच्या आकाराचा ब्लोअर असेल तरच पैसे टाका. होस ३२ मि.मी. पेक्षा बारीक नको, दोन मीटरच्या आत, आणि मध्ये कुठेही झोळ नको. झोळात दमट हवेचं पाणी साचतं आणि आठवड्याभरात किट गुरगुरून गप्प होतं. बोअरच्या घरात रिमची भोकं आधी मोकळी करावीत. वाटीभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूफूल विरघळवून रिमखाली कापसानं लावावं, अर्धा तास ठेवून जुन्या टूथब्रशनं घासावं. भोकं बुजलेली असतील तर ब्लोअर टाकीतलीच हवा गोल गोल फिरवत राहतो. किट चालतंय का हे बघायला सीटच्या काठाशी उदबत्ती धरा. धूर रिमखाली वळला पाहिजे.

आणि होसचं दुसरं टोक. सोय म्हणून ते जवळच्या व्हेंट पाइपला जोडून देणारे आहेत. ते कधीही करू देऊ नये. व्हेंट पाइप ड्रेनेजचाच भाग. पंखा बंद झाला की ड्रेनेजची हवा होसमधून टाकीत, टाकीतून ओव्हरफ्लोत आणि रिमखालून पॅनमध्ये येते, म्हणजे पॅनमधल्या ५० मि.मी. पाण्याला वळसा घालून. आधी जो वास बसल्या वेळेपुरता होता तो चोवीस तास येऊ लागतो आणि दोष किटला मिळतो. टोक भिंतीतून थेट बाहेर काढावं, तोंडाशी पंखा बंद झाला की मिटणारी पट्ट्यांची जाळी लावावी, आणि ते शेजाऱ्याच्या खिडकीखाली नाही हे बघावं.

हे सगळं करूनही वास उरला तर तीच उदबत्ती कमोडच्या बुडाशी, फरशीच्या सांध्याभोवती फिरवा. पॅन आणि ड्रेनेजचा सांधा नुसत्या पांढऱ्या सिमेंटनं भरलेला असला तर वर्षा-दोन वर्षांत त्याला केसाएवढी चीर जाते आणि धूर तिथे थरथरतो. त्याला उपाय रबरी कनेक्टर किंवा वॅक्स रिंग, वरून पुन्हा सिमेंट फासणं नव्हे. सांधाही पक्का निघाला तर शेजारची नहाणी जाळी उचला. पाहुण्यांच्या न्हाणीघरात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तिच्याखाली वास अडवायला साचलेलं पाणी आटून जातं. तिथे आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं की पुरे.