गुडघा उत्तम, कागदपत्रं जेमतेम: एका रुग्णालयाला साडेतीन तारे

सांगली-मिरज भागातलं शंभरेक खाटांचं खासगी रुग्णालय. आमच्या सौ.चा उजवा गुडघा इथे बदलला. माझ्या एका तक्रारीचं लेखी उत्तर त्यांच्याकडून यायचंय, तोवर नाव लिहीत नाही. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो, ही प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. एकाला कागद वाचायची खोड आणि दुसरीला प्रश्न विचारायची. काउंटरवरच्या मुलींना आम्ही फार आवडलो असू असं वाटत नाही.

शस्त्रक्रिया छान झाली, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी ही वॉकर धरून उभी राहिली. हाडांचे डॉक्टर शांत, प्रश्नाला उत्तर देणारे. रात्रपाळीच्या सिस्टर तर घरच्या मुलीसारख्या. तारे कापलेत ते तळमजल्यावरच्या कारभाराचे.

लिफ्टशेजारी 'रुग्ण हक्क सनद' लावलेली आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून ही सनद आणि सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. सनद दिसते, तिच्यापुढे ठेवलेली पामची कुंडी सरकवली तर पूर्ण वाचताही येते. दरपत्रक मात्र कॅश काउंटरच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवलंय. दार बहुतेक वेळ उघडंच असतं, त्यामुळे सगळे दर भिंतीकडे तोंड करून उभे.

संमतीपत्र काउंटरवाल्या मुलीने माझ्यापुढे सरकवलं. इंग्रजीत, सह्यांच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या. "काका, इथे, इथे आणि इथे." मी म्हटलं, गुडघा माझा नाही. पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, तर सही तिचीच हवी. नवऱ्याची साक्षीदार म्हणून घ्या हवी तर. मराठी प्रत मागितली तर कपाटातून निघाली, म्हणजे छापून ठेवलेली होती, द्यायची सवय नव्हती. हिने ती चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचली आणि 'गरजेनुसार इतर कोणतीही शस्त्रक्रिया' या ओळीवर बोट ठेवलं. "इतर म्हणजे कोणती?" मुलीला उत्तर देता येईना. समीरा कोहली या रुग्ण बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नेमकं हेच सांगितलंय: तपासणीपुरती संमती घेऊन गर्भाशय काढता येत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम स्वतः खोलीत आल्या. कमरेतून भूल कशी देतात, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका किती, तो टाळायला काय करणार, सगळं मराठीत समजावून सांगितलं आणि ती ओळ खोडून बाजूला सही केली. या पंधरा मिनिटांसाठी मी पूर्ण एक तारा देतो.

आता पैसे. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचाला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरले होते. पॅकेज सांगताना कंपनी आणि किंमत कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. विचारल्यावर सांगितलं आणि बिलात वेगळं दाखवलंसुद्धा. इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डाला लावून घ्या, त्यावर बॅच क्रमांक असतो. पुढेमागे काही झालं तर तोच उपयोगी.

अंतिम बिल आधी एका पानाचं दिलं. तपशीलवार मागितल्यावर त्यात फिजिओथेरपीची दोन जास्तीची सत्रं निघाली. ती निमूट कमी केली, वाद घातला नाही. औषधं बाहेरून आणू का, असं विचारल्यावर मात्र "आम्ही जबाबदारी घेणार नाही" हे पाठ केलेलं वाक्य ऐकवलं. सनदेत औषध कुठून घ्यायचं हे रुग्णाने ठरवायचं असं स्वच्छ लिहिलंय, तेही त्यांच्याच भिंतीवर.

त्याच सनदेत खाली रुग्णांच्या जबाबदाऱ्याही आहेत, आणि त्या बाबतीत रुग्णालयाची बाजू घ्यावी लागेल. शेजारच्या खाटेवरचे आजोबा रक्त पातळ करायची गोळी घेत होते, घरच्यांनी ते विचारूनही सांगितलं नाही. ऐन वेळी कळलं, शस्त्रक्रिया पुढे ढकलली, आणि बारा-पंधरा नातेवाईक सिस्टरच्या अंगावर धावून गेले. तिने आवाज न चढवता आरएमओंना, म्हणजे निवासी डॉक्टरांना, बोलावलं. डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर राज्याच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हा फलक त्या मजल्यावर ठळक लावायला हवा. भेटीच्या वेळा पाळायला लावणारा वॉचमनही हवा. चटणी-भाकरीचे डबे उघडून जनरल वॉर्डात पंगत बसते, हे रुग्णालयाचं एकट्याचं पाप नव्हे.

डिस्चार्जचा दिवस मात्र वाया गेला. सकाळच्या राउंडला डॉक्टर "घरी जा" म्हणाले, बाहेर पडलो दिवेलागणीला. टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या टेबलावर, सगळं खापर विमा कंपनीवर. विमा नियामकाने २०२४ पासून कॅशलेसच्या अंतिम मंजुरीला तीन तासांची मुदत घातलीय, पण ती रुग्णालयाची मागणी पोहोचल्यापासून मोजतात. मी कंपनीला फोन केला तेव्हा कळलं, मागणीच दुपारी अडीचला गेलेली.

आणि माझी ती तक्रार. ऑपरेशन नोटसह केसपेपरच्या प्रती मागितल्या, तर "कोर्टाचं पत्र लागतं" म्हणाले. लागत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. लेखी अर्ज देऊन पोच घेतल्यावर प्रती मिळाल्या, मुदत उलटून. झेरॉक्सचे पैसे घेतले त्याबद्दल तक्रार नाही, खोटं कारण सांगितलं त्याबद्दल आहे. तक्रार निवारण कक्ष आहे, पण तिथे बसणाऱ्या बाई बिलिंगही बघतात, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच पोच देणार. तिथे निकाल लागला नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागात जाईन, नोंदणी त्यांच्याकडे असते.

हिचा डावा गुडघाही दुखतो. तो इथेच, याच डॉक्टरांकडे करायचा हे हिने ठरवून टाकलंय. केसपेपरच्या प्रतींचा अर्ज या वेळी ॲडमिशनच्या फॉर्मबरोबरच देणार, पोच घेऊन.