आरंभीच्या मेसोअमेरिकी खेड्यांच्या मातीसाठी 200 लिटरचं फ्लोटेशन पिंप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मेक्सिकोतल्या ओआहाका खोऱ्यातलं सान होसे मोगोते, तिथल्याच चियापासच्या किनारपट्टीवरचं पासो दे ला आमादा, बेलिझमधलं क्वेयो ही सगळी कुडाच्या घरांची गावं. घर पडलं की मागे उरतात खांबांच्या खड्ड्यांचे गोल डाग, लिंपणाचे भाजलेले तुकडे, फुटका पाटा-वरवंटा आणि अंगणातली पेवं. तिथली माणसं रोज काय खात होती हे कळतं ते मातीत विखुरलेल्या जळक्या कणांवरून, आणि त्यातले बरेच कण 2 मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. खणताना वापरतात त्या 6 मिलिमीटरच्या चाळणीतून ते सरळ खाली जातात. ते पकडण्यासाठी हे पिंप: पाण्यात हलके जळके कण तरंगून पन्हळीवाटे कापडावर येतात, जड माल खाली जाळीवर बसतो, म्हणून नाव फ्लोटेशन.

रचना अमेरिकी पुरातत्त्वज्ञ पॅटी जो वॉटसन यांच्या केंटकीतल्या प्रकल्पातून आली, 1976 पासून ती छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि आजही फारशी बदललेली नाही. 200 लिटरचं लोखंडी किंवा प्लास्टिकचं पिंप. तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर आत येणारा एक इंची पाइप, त्यावर वर तोंड केलेले शॉवर आणि बाहेर व्हॉल्व्ह. काठावर टेकणारी, तळाला जाळी असलेली आतली बादली आणि तिला जोडलेली पन्हळ. पन्हळीखाली कापड. तळाशी गाळ सोडायला दोन इंची तोटी. या तोटीवर पैसे वाचवू नयेत. एक इंची तोटी चिकणमातीने तिसऱ्या नमुन्यालाच तुंबते आणि मग सगळं पिंप आडवं करून रिकामं करावं लागतं.

जाळी आणि कापड यांची निवड सगळ्यात महत्त्वाची. बऱ्याच पिंपांना खिडकीची जाळी लावलेली असते, म्हणजे जवळपास दीड मिलिमीटरचं भोक. ती काढून 0.5 मिलिमीटरची स्टीलची जाळी लावली की खाली बसणाऱ्या मालात माशांचे मणके, ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखी काचेच्या) टवक्यांचा चुरा आणि अवाकाडोच्या बियांचे जड तुकडे मिळू लागतात. पाणी मात्र हळू उतरतं, एका नमुन्याला पाच-सात मिनिटं जास्त जातात. ती द्यावीत. पन्हळीखाली मलमल नको, 0.25 मिलिमीटर विणीचं शिफॉन हवं. राजगिऱ्याचा आणि चाकवताच्या जातीचा दाणा जेमतेम मिलिमीटरभर, आणि मेसोअमेरिकेत दोन्ही खाण्यात होते. मलमलीच्या धाग्यांत हे दाणे अडकतात आणि पुढच्या नमुन्यात निघतात.

काम असं चालतं. प्रत्येक थरातून 10 लिटर माती मोजून घ्यायची. आकारमान आणि वजन दोन्ही लिहायचं, कारण ओली माती आकारमानाने फसवते. त्याआधी त्याच थरातली पाव किलो माती पिशवीत वेगळी बांधून ठेवायची. स्टार्चचे कण आणि फायटोलिथ (वनस्पतींच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण) यांच्यासाठी ती लागते आणि पिंपातून गेलेली माती त्या कामाची राहत नाही. पाट्या-वरवंट्याचे तुकडे तर धुवायचेच नाहीत. मेक्सिकोतल्या बाल्सास खोऱ्यातल्या शिवाटोक्स्टला इथे सुमारे 8700 वर्षांपूर्वीचा मका ओळखला गेला तो दळण्याच्या दगडांवरच्या स्टार्चवरून आणि फायटोलिथवरून.

पिंप भरलं की पाणी पन्हळीवरून पातळ पदरासारखं सरकेल इतकाच व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा. माती दोन-तीन लिटर, दोन-तीन लिटर अशी सोडायची. हात जाळीला न घासता ढेकळं बोटांनी अलगद मोकळी करायची. दहा ते पंधरा मिनिटांनी पन्हळीवरून काळं काही येईनासं झालं की पाणी बंद. जोर वाढवला तर काम लवकर होतं असं वाटतं, पण दोन गोष्टी बिघडतात: गाळ उसळून कापड भरतं आणि मक्याचे फुगलेले जळके दाणे प्रवाहातच फुटतात.

चिकणमाती हा या पिंपाचा मुख्य शत्रू. ढेकूळ कोळशासकट तळाला जातं आणि जाळीवरच्या मालात मातीच्या गोळ्या उरतात. अशी माती आधी सावलीत सुकवायची, मग बादलीत खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवायची आणि नंतरच सोडायची. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट जास्त जोरकस आहे, पण ओआहाकातल्यासारख्या चुनखडीच्या मातीत ते कॅल्शियमशी धरतं आणि पांढरा साका बसतो. तिथे सोडाच बरा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या काळ्या मातीतल्या वस्त्यांवर काम केलेल्यांना हा चिकटपणा सांगायला नको, आणि ती वस्ती तर काळानेही सान होसे मोगोतेच्या सुरुवातीच्या टप्प्यांची समकालीन आहे.

सुकवणं कायम सावलीत, कापडाच्या पुरचुंड्या दोरीवर टांगून. थेट उन्हात ओला कोळसा भराभर आकसतो आणि तडकतो. सावलीत दोन ते तीन दिवस लागतात, पावसाळ्यात जास्त. पुरचुंडीच्या आत एक आणि बाहेर एक अशी दोन लेबलं, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेली.

पिंप नीट चाललंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी खसखस. झाकणाच्या भांड्यात वाळूत भाजून काळी केलेली खसखस मोजून 100 दाणे मातीत मिसळायची आणि शेवटी किती परत आली ते मोजायचं. प्राचीन अमेरिकेत खसखस नव्हती, त्यामुळे घोळ होत नाही. दाण्यावरची जाळीदार नक्षीही ओळखू येते. दर वीस नमुन्यांमागे ही चाचणी करावी. आकडा 80च्या खाली गेला की आधी बादलीचा काठ आणि पन्हळीचा सांधा तपासावा, बहुतेक गळती तिथेच सापडते. पुढच्या नमुन्यात आधीची खसखस निघाली तर धुण्यात कसूर आहे. पाणी फिरवून वापरत असाल तर पंपाच्या तोंडालाही शिफॉन बांधा.

कोरड्या गुहांतला माल या पिंपात घालू नये. ओआहाकातल्या गिला नाकित्स किंवा मेक्सिकोतल्याच तेवाकान खोऱ्यातल्या गुहांत वनस्पती न जळता, वाळून टिकल्या आहेत. त्या भिजल्या की फुगतात आणि विरतात. तिथे कोरडी चाळणीच योग्य. उलट उघड्या वस्तीच्या, दमट मातीत न जळलेलं बी मिळालं तर ते जवळपास नक्की आजचं असतं आणि मोजणीत धरू नये.

पिंपाचा निकाल वाचताना सगळ्यात जास्त चुका मक्यात होतात. दाण्यांच्या जोडीखाली कणसाच्या दांड्यावर जी कडक वाटी असते ती क्युप्यूल. ती चिवट, जळूनही आकार टिकवणारी. शिवाय दाणे काढलेले दांडे चुलीत सरपण म्हणून जायचे, त्यामुळे क्युप्यूल भरपूर मिळतात. दाणा मात्र चुकूनच जळतो, जळताना फुगतो आणि पाण्यात फुटतो. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या दाण्याचं साल सुटतं, बऱ्याचदा कोंबही गळतो, मग तो जळला तरी ओळखणं कठीण. म्हणून क्युप्यूलच्या राशीवरून ‘इथे मका हेच मुख्य अन्न’ असं लिहिणं घाईचं ठरतं. नुसत्या संख्येपेक्षा किती टक्के नमुन्यांत मका आहे हे द्यावं आणि दाणे व क्युप्यूल यांचं प्रमाण घरागणिक वेगळं मांडावं. दाणे जास्त असलेली जागा स्वयंपाकाची, क्युप्यूल जास्त असलेली सोलण्याची किंवा चुलीच्या राखेची, असा अंदाज मग बांधता येतो. कसावा आणि रताळं तर पिंपातल्या मालात जवळपास दिसतच नाहीत.

हाडांतल्या कार्बन समस्थानिकांशी (त्यांच्या प्रमाणावरून आहारात मका किती होता ते कळतं) पडताळून पाहिलं की या सावधपणाचं मोल कळतं. सोकोनुस्कोच्या, म्हणजे चियापासच्याच, किनाऱ्यावरच्या सुरुवातीच्या गावांत मका होता, पण 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या समस्थानिकांच्या मापनात तो आहाराचा कणा दिसला नाही. बेलिझमधल्या खडकाश्रयांतल्या सांगाड्यांत मात्र सुमारे 4000 वर्षांपूर्वी मका मुख्य अन्न झालेला दिसतो. पिंपातून निघालेल्या यादीत दोन्हीकडे फक्त ‘मका’ इतकीच नोंद होईल.

पेवांबद्दलही सांगायला हवं. ओआहाकातली पेवं आपल्याकडच्यासारखीच, अरुंद तोंडाची आणि खाली रुंदावणारी. त्यांत साधारण टनभर मका मावे, म्हणजे एका कुटुंबाचं वर्ष. पण आज त्यात जी माती सापडते ती साठवलेल्या धान्याची क्वचितच असते. पेव निकामी झाल्यावर त्यात उकिरडा टाकला गेला. म्हणून तळाचा 10 सेंटिमीटरचा थर वेगळा आणि वरचा भराव वेगळा तरंगवावा.

कालमापनासाठी दाणाच पाठवावा, शेजारचा लाकडी कोळसा नाही. तेवाकानच्या मक्याची कणसं आधी आजूबाजूच्या थरावरून 7000 वर्षांपूर्वीची मानली होती. 1989 मध्ये थेट कणसांचं एएमएस मापन (कार्बन-14 चे अणू थेट मोजणारी कालमापनाची पद्धत) झालं तेव्हा ती बरीच अलीकडची निघाली. क्वेयोच्या सुरुवातीच्या तारखाही हजारभर वर्षांनी खाली आणाव्या लागल्या. एएमएसला काही मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे दाण्याचा एक तुकडा. तो आधी मोजून, फोटो काढून, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवावा. कापसात नको, कापसाचे धागे हाही आजचा कार्बनच.

एकटादुकटा चाचणी-खड्डा खणायचा असेल तर साधी बादली आणि गाळणी पुरे. घरागणिक पन्नास-शंभर नमुने घ्यायचे असतील तर मात्र हे पिंप घ्यावंच, आणि त्यासोबत 0.5ची एक जादा जाळी, दहा मीटर शिफॉन आणि खसखशीची एक पुडी.