टाचेची सिलिकॉन गादी: घेण्याआधी जुनी चप्पल उलटी करून पाहा

पाय दुखतो म्हटलं की तालुक्याच्या मेडिकलवाला सिलिकॉनची टाचगादी काढून समोर ठेवतो. वस्तू वाईट नाही, पण ती एकाच दुखण्यावर चालते. सकाळी खाटेवरून उतरल्यावर टाच टेकवत नाही, चार पावलं टाकली की मोकळी होते आणि वावरातून परतल्यावर पुन्हा ठणकते, ते हे दुखणं. अशा माणसाची पोटरी बहुधा आखडलेली असते. घोटा पुरता वाकत नाही, म्हणून टाच वेळेआधी उचलली जाते आणि तळव्याच्या पट्ट्यावर ताण येतो. गादीने टाच जरा उंच राहते, ओढ सैल होते. घालायची ती दोन्ही पायांत. दुखऱ्या एकाच पायात घातली तर तो पाय लांब होतो आणि कंबर धरते.

गादी पोटरी मोकळी करत नाही, तेवढं काम आपल्यालाच करावं लागतं. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. ३० सेकंद, तीनदा, सकाळ-संध्याकाळ.

सपाट तळव्याला मात्र तिचा उपयोग जवळपास नाही. ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवा. ठशात कमानीची खाच दिसत नसेल, चप्पल आतल्या कडेने झिजली असेल, मागून पाहता टाच बाहेर कललेली असेल, तर पाऊल दर वेळी आत कोसळतंय. हे दुखणं आतल्या घोट्यामागे आणि नडगीच्या आतल्या कडेला असतं. त्याला कमानीखाली आधार असलेला पूर्ण सोल हवा. (टाचेची मागची बाहेरची कड थोडी झिजणं साधं आहे, त्याने घाबरू नये.)

मोठी खोट म्हणजे आपल्याकडच्या चपलेत ही गादी टिकतच नाही. निंदणाला अंगठ्याची स्लिपर घालून जाणाऱ्या बाया बोटं आवळूनच चालतात, त्यात ही सरकती गादी म्हणजे काळ्या चिखलात पाय मुरगळायचं आमंत्रण. मागून बंद बूटच हवा. बुटाची टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबून पाहा. सहज दबली तर गादी घालूनही टाच हलतच राहणार.

बधिर पायाला ही गादी देऊ नका. साखर असो की कुष्ठरोग, आत घुसलेला काटा कळत नाही आणि जखम चिघळते. गुडघा उंच उचलून पाऊल आपटत चालणं, चपलेचं टोक घासलेलं असणं, हा पाऊल उचलणारी नस (मज्जातंतू) कमजोर झाल्याचा इशारा, आधी डॉक्टर. वरोऱ्यात कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन सुरू होऊन सत्तर वर्षं उलटली, तरी चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठाचे नवे रुग्ण अजून सापडतात. त्यांच्यासाठी मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची, मागे पट्टा असलेली, खिळे न ठोकलेली चप्पल असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

गादी साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची. तिला धूळ बसली की पकड जाते.