मायकल स्वॉनचं 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज': इन्व्हर्जनसाठी तरी घ्याच

बारावीला 'नो सूनर... दॅन' आपण सगळ्यांनीच घोकलंय, नो सूनरपुढे हॅड नाहीतर डिड टाकायचं, मधे दॅन, मार्क मिळाले की विषय संपला. पण हॅड कर्त्याच्या आधी का येतं हे कोणी सांगतच नाही. मी अकरावी-बारावीच्या ट्यूशन घेते, मुलं हे विचारतात आणि तेव्हा खरं कामाला येतं ते ऑक्सफर्डचं हे जाडजूड पुस्तक.

यात इन्व्हर्जनचे, म्हणजे क्रियापद कर्त्याच्या आधी आणण्याचे, सरळ दोन प्रकार केलेत. एकात फक्त हेल्पिंग व्हर्ब कर्त्याच्या आधी जातं, दुसऱ्यात अख्खं क्रियापद. पहिला प्रकार नीट वाचाच. नेव्हर, सेल्डम, हार्डली, नॉट अंटिल, ओन्ली आफ्टर असलं काही जोर द्यायला वाक्याच्या सुरुवातीला आणलं की मागोमाग हेल्पिंग व्हर्ब आलंच पाहिजे, 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन', आणि हेल्पिंग व्हर्ब नसेलच तर डू, डज, डिड आणायचं. एवढं डोक्यात बसलं की नो सूनर वेगळं पाठ करायची गरजच उरत नाही, तेही त्याच रांगेतलं. मुलं अडकतात ते 'ओन्ली आफ्टर'ला. 'ओन्ली आफ्टर द एक्झाम वॉज ओव्हर डिड ही रिलॅक्स' हे बरोबर, पण निम्मा वर्ग 'ओन्ली आफ्टर वॉज द एक्झाम ओव्हर' लिहितो. उलटापालट मुख्य वाक्यात करायची, आफ्टरच्या तुकड्याला हात लावायचा नाही.

दुसरा प्रकार सोपा, 'हिअर कम्स द बस', पण सर्वनाम आलं की 'हिअर इट कम्स'.

मला सगळ्यात आवडतं म्हणजे कुठलं वाक्य बोलण्यातलं आणि कुठलं फॉर्मल किंवा साहित्यिक हे स्वॉन सांगतो. आपल्याकडे हे शिकवतच नाहीत, मग पोरं मित्राला साध्या मेसेजमध्येसुद्धा 'सेल्डम डू आय' लिहायला लागतात. बोलताना जोर द्यायला 'आय डू लाइक इट' किंवा 'इट वॉज राहुल हू कॉल्ड' पुरतं, आपण 'राहुलनेच फोन केला' म्हणतो तसं, त्याचीही माहिती यात आहे.

आता कमी काय ते. सराव प्रश्न नाहीत, हा संदर्भग्रंथ आहे, त्यामुळे प्रॅक्टिससाठी दुसरं काहीतरी लागणारच. सगळं इंग्रजीतच, दहावीच्या मुलाच्या हातात थेट देऊ नका. आणि इतिहास मी माझा माझा जोडते, की जुन्या इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला कर्त्याऐवजी दुसरं काही आलं की बऱ्याचदा क्रियापद दुसऱ्या जागी यायचं, जर्मनमध्ये आजही येतं, इन्व्हर्जन हा त्याचाच उरलेला भाग. हे ऐकलं की मुलांना नियम जाच वाटत नाही.

चौथी आवृत्ती 2016 ची, त्यात व्याकरण विषयवार लावलंय. 2005 ची तिसरी ए टू झेड आहे, इन्व्हर्जन थेट आय अक्षराखाली. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी तिसरी स्वस्तात मिळाली तर बिनधास्त घ्या, या विषयापुरती ती भरपूर आहे.